टिकते किती

गॅरेजवाल्या कुंदननं फडकं ओढलं आणि खालचं इंजिन दाखवलं. दोन वर्षांचं, अपघाताच्या गाडीतून काढलेलं, डिझेलनं धुऊन चकचकीत केलेलं. त्याच्या शेजारी वामनरावांचा टेम्पो उभा होता. मोर्णा नदीच्या पुलाचा चढ रिकाम्या गाडीलाही चढवेना, म्हणून चार लोकांनी ढकलत तो जुन्या शहरातल्या या गॅरेजपर्यंत आणून सोडला होता.

टेम्पोच्या केबिनमध्ये वामनरावांची बायको जयवंता बसून होती. सकाळचे चार तास डायलिसिसच्या मशीनवर काढून आलेली. डाव्या हाताला पट्टी, पावलं सुजलेली. मंगळवारी आणि शुक्रवारी हिवरखेडहून वांगी आणि ती एकाच गाडीत अकोल्याला यायची. वांगी बाजारात उतरायची, ती दवाखान्यात. परत जाताना गाडीत तेवढी ती असायची.

"हे पाहा काकाजी," कुंदन म्हणाला. "तुमच्या इंजिनाच्या रिंगा गेल्या. डिझेलचा पंप वाढवून देतो मी. डिझेल जास्ती खाईन, धूर मारीन, पन जोर येईन. नाई तं हे नवं टाकू. दहा वर्सं पाना लावाचं काम नाई."

वामनरावांनी नव्या इंजिनाभोवती एक फेरी मारली. कुंदन त्यांच्या प्रश्नाची वाट पाहत थांबला, कारण तो येणार हे सगळ्या गिऱ्हाइकांत फक्त याच माणसाबाबत त्याला पक्कं माहीत होतं. टिकते किती? हे विचारल्याशिवाय वामनरावांनी जन्मात साधी बादली घेतली नव्हती. रागिणीला, म्हणजे त्यांच्या मुलीला, बघायला आलेल्या पाहुण्यांना त्यांनी जावयाच्या नोकरीबद्दलही तेच विचारलं आणि सोयरीक मोडता मोडता राहिली. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला जयवंताला जांभळं पातळ घेतलं, तेव्हाही दुकानदाराला हाच प्रश्न. नेसलं नाही तर जन्मभर टिकेल, असं तो चिडून म्हणाला. ते पातळ अजून पेटीत घडी न मोडता पडून होतं.

"पंप वाढवला तं किती चालन?" वामनरावांनी विचारलं.

"सहा महिने. लई झालं तं आठ. म्हातारं इंजिन हाय, जोर कराले लावलं का लवकर बसते."

"पुरे," वामनराव म्हणाले.

कुंदन हसला. "काकाजी, तुमी? तुमी पुरे म्हनता?"

केबिनमध्ये जयवंताची मान वळली.

शब्द तोंडातून गेल्यावर वामनरावांना कळलं की आपण काय बोललो. सकाळी ती मशीनवर असताना डॉक्टरांनी त्यांना दाराबाहेर बोलावून तिची एवढीच मुदत सांगितली होती. तिला सांगू नका, असं त्यांनीच डॉक्टरांना हात जोडून विनवलं होतं. आणि इथे, भर गॅरेजात, त्यांनी ते आपल्या तोंडानं सांगून टाकलं. पैशाचीही अडचण नव्हती. नव्या इंजिनासाठी रक्कम दिवाळीपासून बाजूला काढलेली होती आणि ती जयवंतानंच मोजून बांधली होती.

"नाई, नाई. नवंच टाक," ते मोठ्यानं म्हणाले, केबिनपर्यंत ऐकू जाईल असं. "दहा वर्सं म्हनतो ना, तेच टाक."

"इकडे या जरा," जयवंता म्हणाली.

ते खिडकीशी गेले. ती रडत नव्हती. बाजाराहून आलेल्या माणसाला भाव विचारावा तसं तिनं विचारलं, "डाक्टरनं किती सांगतलं?"

वामनराव दाराच्या गंजलेल्या कडेवर नख घासत राहिले. गंजाचे पापुद्रे खाली पडत होते.

"राहू द्या, नका सांगू," ती म्हणाली. "पस्तीस वर्सात तुमच्या तोंडून पुरे हा शब्द मी आयकला नाई."

"चुकून गेलं तोंडातून."

"हो." तिनं पट्टीचा हात पदराखाली घेतला. "नवं टाका तुमी. मी नसली तरी वांगे तं आनाच लागतीन अकोल्याले."

"कोनासाठी?" वामनराव म्हणाले. त्यांचा आवाज फाटला. इतका वेळ जे गिळत होते ते सगळं त्या एका शब्दात बाहेर आलं, आणि पुढे काहीच उरलं नाही.

वामनराव वळले. "पंपच वाढव," ते कुंदनला म्हणाले.

कुंदनला या दोघांचं काहीच कळेना. पण गिऱ्हाईक बोललं, विषय संपला. त्यानं पाना घेतला, पंपाचा स्क्रू फिरवला, चावी मारली. म्हाताऱ्या इंजिनानं एकदम जोर धरला. सगळा टेम्पो थरथरू लागला, काळा धूर गल्लीभर पसरला, समोरच्या घरातल्या बाईनं खिडकी लावून घेतली.

वामनराव येऊन स्टेअरिंगवर बसले. जयवंता काहीतरी म्हणाली, पण त्यांना ऐकू आलं नाही.

"काय म्हनते?"

तेव्हा तिला ओरडूनच सांगावं लागलं.

"मंगळवारी ते जांभळं पातळ नेसतो मी. टिकन तेवढं."