कोड नऊ

यंत्र थांबलं, तेव्हा शालनचे निम्मे पापड ओलेच होते. अकरा वर्षं ढग हटले नव्हते. फटींत लांबी भरून खिडक्या बुजवायच्या आणि हवा कोरडी करणाऱ्या यंत्रापुढे वाळवणं घालायची, हीच घरोघरची रीत. पडद्यावर नऊचा आकडा होता. तिने जाळी धुतली, टाकी ओतली. नऊ काही हटेना.

तिने मेकॅनिकला फोन लावला. त्याने पुस्तिका चाळून नऊचा कोड शोधला.

“ताई, बिघाड नाही. बाहेरची हवा घरातल्यापेक्षा कोरडी झालीय. खिडकी उघडा म्हणतंय.”

शालनने उलथन्याने लांबी खरवडली. खिडकी उघडताच पापडांवर ऊन पडलं.

तिने नऊ वर्षांच्या लेकीच्या, रेवाच्या हाती काठी दिली. “गच्चीत पापड घालू. तू कावळे हाकल.”

“किती वेळ?”

“ऊन उतरेपर्यंत.”

हे शब्द तिच्या तोंडी अकरा वर्षांनी आले होते.