ड्रायव्हरची उत्तरं

"दारूपायी घरात कोणाला काय सोसावं लागलं, याचं तुमचं उत्तर वाचून दाखवू?" लॅपटॉपच्या पडद्यावरून समुपदेशक बाईंनी विचारलं.

बसड्रायव्हरने मान डोलावली. आपण काय लिहिलंय, हे त्यालाही आत्ताच कळणार होतं. दारू सुटावी म्हणून डेपोने लावलेला हा ऑनलाइन कोर्स पुरा केल्याशिवाय स्टिअरिंग हाती मिळणार नव्हतं. तो नावाला लॉग-इन व्हायचा. धडे वाचून उत्तरं लिहायची बायको. पिणं याचं, पश्चात्ताप तिचा, अशी सोयीची वाटणी. शेवटची मुलाखत मात्र त्यालाच देणं भाग होतं. बायको कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी, भिंतीला टेकून उभी होती.

बाई वाचू लागल्या. "'मी जिना चढतो तेव्हा ती पावलांवरून ओळखते, आज ताट वाढायचं की मुलीला घेऊन शेजारी जायचं.'" त्यांनी चष्मा काढला. "बायकोचं मन इतकं ओळखणारा नवरा क्वचितच भेटतो हो."

"मग! संसार केलाय, मॅडम."

सकाळीच घेतलेल्या घोटाचा वास पडद्यापलीकडे जात नाही, हे ऑनलाइन उपचाराचं मोठंच सुख.

बाई खूश झाल्या. "तुमच्या डेपोतले सगळेच ड्रायव्हर फार मनापासून लिहितात. सगळ्यांची शिफारस केली आहे. उद्यापासून सगळे गाडीवर."

लॅपटॉप मिटला, तसा तो खदखदून हसला. "ऐकलंस? तो ढेरपोट्या, तो बाटलीबहाद्दर, म्हणे मनापासून लिहितात! सही करताना घाम फुटतो लेकाच्यांना. कुणी लिहून दिलं असेल गं?"

"त्यांच्या बायकांनी. दुपारी आम्ही एकत्रच बसतो लिहायला."

 तो मांडीवर थाप मारून म्हणाला, "भले शाब्बास! म्हणजे पगार सुरू!"

"हो. पगार सुरू."

ती आतल्या खोलीत गेली. मुलगी दप्तर भरत होती. आईने दप्तराच्या कप्प्यातून तिचा बसचा पास काढून घेतला.

"उद्यापासून शाळेत चालत जायचं."