मुळांवरच्या गाठी

आदेमीरने सोयाबीनचं रोप धरलं, तर ते अलगद उपटून हातात आलं. मुळं तपकिरी, त्यांवर नत्र धरणारी एकही गाठ नाही. वर्षानुवर्षं तणनाशक मारून ब्राझीलच्या पारानामधली त्याची लाल माती पार मेली होती.

बांधापलीकडे थोरली बहीण झेनाईद फवारणी न करता खुरपायची. "ताई, सोयाबीन पेरलंस की गवत?" असं तो तिला चारचौघांत चिडवायचा. तिची मुळं मात्र गाठींनी लगडलेली.

त्याच्या जिवाला चैन पडेना. रविवारी गाव चर्चला गेल्यावर तो पोतं घेऊन तिच्या शेतात शिरला. तिथली जिवंत माती आपल्या रानात मिसळायची, म्हणून घाईघाईनं भरू लागला.



"किती रविवार चर्च बुडवतेय तुझी वाट बघत," मागून ताई म्हणाली. "एका पोत्यानं काय होतंय? सरक, ट्रॅक्टर लावते."