पाण्यासाठी पाटी

धायरीतलं घर ओढ्याच्या पुरात पडलं, तेव्हा रशीदा रडली नाही. वस्ती नव्याने उभारताना ठरलं, की सखल जागा पाण्यालाच सोडायची, तिथे तळं खोदायचं आणि जुन्याच विटांनी चढावर घरं बांधायची. सगळ्यांत सखल जागा त्यांचीच. तिच्या नवऱ्याने, मकबूल पेंटरने, ती देऊन टाकली. तेव्हा मात्र तिचा बांध फुटला. “घर पुराने पाडलं, जागा तुम्ही घालवलीत!” तळं खोदून झाल्यावर मकबूलने काठावर पाटी रंगवून रोवली: ‘पाण्याने येथेच थांबावे. पुढे माणसे राहतात.’ यंदा ओढा पुन्हा फुगला. रशीदा कागदपत्रांची पिशवी पोटाशी धरून दारात उभी राहिली. तळं भरलं, पाणी पाटीला टेकलं आणि दुपारपर्यंत मुकाट्याने मागे सरलं. तिने पिशवी खुंटीला अडकवली. “अहो, पाटी अर्धवट राहिलीय,” ती म्हणाली. “खाली लिहा, ‘सहकार्याबद्दल आभार.’”