चाळीस सेकंद आधी

"गोऽऽल!"

भिंतीपलीकडून नरहर ओरडला, तेव्हा अनंतरावांच्या टीव्हीवर चेंडू अजून मैदानाच्या मधोमध लोळत होता. अनंतरावांनी रिमोट सोफ्यावर आपटला. चाळीस सेकंदांनी गोल झाला, पण तोंडाशी आलेला घास कुणीतरी काढून घेतलेला होता.

"मुद्दाम करतो. जखमेवर मीठ चोळतो."

"मग जाऊन विचारा ना एकदा," शालिनीताई मेथी निवडता निवडता म्हणाल्या.

"मी त्याची पायरी चढणार नाही."

हे वाक्य तीन वर्षं जुनं होतं. बाग सेवनियातल्या त्या कॉलनीत दोन्ही घरांची भिंत एकच, आणि कारखान्याच्या फुटबॉल संघात दोघं चौतीस वर्षं एकत्र. दर शनिवारी मॅच अनंतरावांकडे, चहा नरहरच्या हातचा. पण नरहरच्या निरोप समारंभात अनंतरावांनी माइक हातात घेतला आणि सांगून टाकलं, "हा माणूस नोकरीत एकदाच चुकला, पण पेनल्टी हुकवून कप घालवून बसला!" सगळे हसले. नरहर जिलबीच्या ताटावरून उठून गेला. अनंतरावांच्या मते ती साधी गंमत होती, आणि गमतीची माफी मागायची नसते.

पुढे महिन्याभरापूर्वी केबलवाल्या गिरीशने धंदा गुंडाळला. अख्ख्या गल्लीची केबल बंद. अनंतरावांनी इंटरनेट घेतलं, ॲप घेतलं, आणि पहिल्याच शनिवारी हा प्रकार सुरू झाला.

इंटरनेटवाला जितेंद्र तिसऱ्यांदा आला तेव्हा अनंतरावांनी त्याला धारेवर धरलं.

"लाइव्ह लिहिलंय ना इथे? मग त्याच्याकडे आधी कसं दिसतं?"

"काका, लाइव्ह म्हणजे एकदम लाइव्ह नाही ना. ॲपवर तीस-चाळीस सेकंद पीछेच चालतं. शेजारच्या काकांकडे डिशची छत्री असेल."

"गच्चीवर चढून पाहिलं. नाही."

"मग नेट?"

"ते तू सांग."

जितेंद्रने डोकं खाजवलं. "आमचं कनेक्शन तर नाही त्यांच्याकडे. मोबाइलवर नुसता स्कोअर येतो काका, तो सबसे पहले येतो. चित्र नसतं ना, फक्त आकडा."

"नुसता आकडा बघून कोण एवढं बोंबलतं? फुटबॉल आहे तो, मटका नाही."

जितेंद्रने वायर थेट टीव्हीला जोडून दिली. चाळीसाचे पंचवीस झाले. मग अनंतरावांनी दुसरं ॲप घेतलं. त्यावर मॅचच नव्हती, ती तिसऱ्याच ॲपवर होती. तेही घेतलं. एकदा मोबाइलच्या इवल्याशा पडद्यावर डोळे ताणून पाहिलं. काहीही करा, आरोळी पुढेच. रात्री अंथरुणावर पडल्यावरसुद्धा ते हिशोब घालत: केबल नाही, छत्री नाही, नेट नाही. मग हा माणूस बघतो कशावर?

"नरहरभाऊजींचा मुलगा शैलेंद्र त्यांना पुण्याला घेऊन चाललाय," एका सकाळी शालिनीताई म्हणाल्या. "कायमचे. येत्या सोमवारी."

अनंतराव पेपरमागून म्हणाले, "जाऊ दे. शांतपणे मॅच बघता येईल."

पण पेपरचं पान बराच वेळ उलटलं नाही. खरं सांगायचं तर नरहरशिवाय मॅचला चव नव्हती. ऑफसाइड कुणाशी भांडून ठरवायचा? घरात शालिनीताई होत्या, पण त्या मॅच चालू असताना आपल्या मोबाइलमध्येच डोकं घालून बसायच्या. सारखं टिंग-टिंग. विचारलं की म्हणायच्या, भजनी मंडळाचा ग्रुप आहे.

शेवटचा शनिवार आला. मॅच एक-एक अशी अडलेली. पाच मिनिटं उरली होती. अनंतराव सोफ्याच्या कडेवर आले आणि तेवढ्यात वीज गेली. टीव्ही काळा, पंखा बंद, खिडकीबाहेर सगळी गल्ली अंधारात.

"घ्या!" ते हताश होऊन म्हणाले. "आज निदान त्यालाही दिसणार नाही."

अंधारात शालिनीताईंचा मोबाइल तेवढा उजळला. टिंग.

त्यांची बोटं पडद्यावर भरभर फिरली, आणि भिंतीपलीकडून आरोळी आली. "गोऽऽल!"

अनंतराव ताडकन उठले. "हे अती झालं! गल्लीत वीज नाही, आणि हा—"

"टॉर्च घेऊन जा," शालिनीताई म्हणाल्या. "पायरीपाशी फरशी उखडलीय."

तीन वर्षांत पहिल्यांदाच ते नरहरच्या दारात उभे राहिले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत मेणबत्ती जळत होती. खोलीत दोरीनं बांधलेली खोकी होती आणि टीव्हीच्या जागी भिंतीवर एक पांढरट चौकोन. सामाईक भिंतीला खेटून एका खुर्चीवर नरहर बसला होता. खूप वाळला होता. समोर दुसरी खुर्ची रिकामी होती आणि मधल्या स्टुलावर थर्मास आणि दोन कप होते.

"टीव्ही कुठाय?" अनंतरावांना एवढंच सुचलं.

"केबल गेली त्याच आठवड्यात शैलेंद्र घेऊन गेला."

"मग गोल कसा कळतो तुला?"

नरहरने एक कप चहा ओतला, रिकाम्या खुर्चीकडे सरकवला आणि मांडीवरचा मोबाइल उचलून अनंतरावांपुढे धरला.

पडद्यावर शालिनीताईंचा निरोप होता: "भाऊजी, गोल झाला. ओरडा. वीज गेलीय, आज नक्की येतील."