आबांचा आवाज

पार्किन्सन्समुळे आबांचा आवाज इतका बारीक झाला होता, की त्यांचं म्हणणं घरात कुणाच्या कानापर्यंत पोचतच नसे. "आबांची काही हरकत नाही," असं मुलगाच परस्पर सांगून टाकी. असं करत करत त्यांची खोली गेली, खिडकीजवळची खुर्चीही गेली.

मग त्यानेच मोठ्या हौसेने आबांना ऑनलाइन व्यायामाच्या गटात घातलं. तिथल्या बाई रोज सगळ्यांना आधी हातपाय ताणायला लावत आणि मग पोटातून जोर काढून मोठ्याने बोलायला लावत. आबांचे फोटो नातेवाइकांना पाठवून मुलाने भरपूर शाबासकी मिळवली.

रविवारी घर बघायला गिऱ्हाईक आलं. "आबांनीच विकायला सांगितलंय," मुलगा म्हणाला.

"मी कधी सांगितलं? घर माझ्या नावावर आहे आणि ते विकायचं नाही!" आबा असे कडाडले, की गिऱ्हाईक चपला हातात घेऊनच जिना उतरलं.

दुसऱ्या दिवशी मुलाने बाईंना फोन केला.

 

"हातापायांचं छान चाललंय हो, ते चालू ठेवा. तो आवाजाचा व्यायाम तेवढा आबांना झेपत नाहीये."