दहापैकी दोन

बापलेकीच्या छातीला जन्मापासून सारखाच खड्डा. बारा वर्षांची लेक घाबरू नये म्हणून बापाने आधी स्वतःचं ऑपरेशन करून घेतलं. जीव नको नको झाला, तरी तिने "दहापैकी किती दुखतंय?" विचारल्यावर म्हणाला, "दोन."

मग तिचं ऑपरेशन झालं. कोवळ्या हाडांना कमी दुखतं, असं डॉक्टर म्हणाले होते, पण बापाचा विश्वास बसेना.

"किती दुखतंय गं?"

"दोन."

बापाच्या काळजात चर्र झालं. कार्टी खोटं बोलण्यात आपल्यावरच गेलीय!

इतक्यात तिला जोरदार शिंक आली. महिनाभर प्रत्येक शिंकेला ब्रह्मांड आठवलेला बाप डोळे मिटून किंकाळीची वाट बघू लागला.

"बाबा, रुमाल दे ना," ती म्हणाली. "आणि तू का रडतोयस? तुलापण दोनच दुखलं होतं ना?"